कड्याखालचा नांगर

दिल्लीत राहून मी लोकांना नांगर टाकायला शिकवत होतो असं सांगितलं, की माणसं आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा संशयानं बघतात. नांगर म्हणजे शेतातला नव्हे, बोटीचा. संशय येणारच. इथून जवळात जवळचा समुद्र गाठायचा तरी आगगाडीत रात्र काढावी लागते, आणि आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये तर नळाला सकाळचा तासभरच पाणी यायचं. पण नोकरी खरोखरच होती. नौदलातून मी पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो तेव्हा बायको केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात असिस्टंट होती, क्वार्टर तिच्या नावावर होतं आणि मुलगी शाळेत होती. मुंबईला जाऊन एकट्यानं काय करायचं? ओखल्याला यमुनेच्या बंधाऱ्यामागे शिडाच्या बोटींचा एक क्लब होता, तिथे शिक्षकाची जागा निघाली. मी अर्ज केला आणि चक्क निवड झाली. दुसरा उमेदवारच नव्हता, हे मागाहून कळलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी या नोकरीतले ‘मजेदार अनुभव’ मागितले आहेत. दोनचार मजेदार आहेत, ते आधी सांगून टाकतो. उरलेलं मजेदार नाही, पण लिहायचं तेच आहे.

यमुना तिथे काळी होती. पाण्यावर फेस आणि फेसावर जलपर्णी. पलीकडच्या काठावर नोएडाचे सेक्टर एकामागून एक उगवत होते. बाजार खुला झाल्याची ती पहिली वर्षं. ज्यांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं ते लोक आता ‘सेलिंग’ शिकायला येऊ लागले. एक अधिकारी आले, त्यांना बूट न भिजवता सर्टिफिकेट हवं होतं. एका बिल्डरनं मला खास गाडी पाठवून साइटवर नेलं. नोएडात त्याची सोसायटी होत होती, नाव समुद्रावरून, आणि गेटवर त्याला सोनेरी रंगाचा नांगर उभा करायचा होता. “मास्टरजी, बस इतना बताइए, सीधा खड़ा करें या तिरछा?” मी म्हटलं, नांगर आडवा पडला तरच कामाचा. त्यानं ते वास्तुशास्त्र समजून लिहून घेतलं.

मी स्वभावानं संशयी आहे. माझी बायको सुनंदा म्हणते, “दुधात बोट बुडवून बघता ते ठीक आहे, पण तुम्ही दूधवाल्याच्या म्हशीचीही चौकशी करता.” असेल. पण आमच्या धंद्यात हा दोष नव्हे, ही पात्रता आहे. बाहेरच्याला वाटतं, नांगर टाकला की त्याच्या वजनानं बोट थांबते. तसं नसतं. बोट पाचसहा टनांची आणि नांगर एका माणसाला उचलता येईल एवढा. वजनाचा काय निभाव लागणार? नांगराचे काटे तळाच्या वाळूत रुतावे लागतात, आणि ते रुततात नांगर आडवा ओढला तरच. वरच्या दिशेनं ओढला की निघून येतो. म्हणून साखळी लांब सोडायची, पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी. ती तळावर लोळत राहिली की ओढ आडवी लागते. मग इंजिनानं बोट मागे घेऊन बघायचं, धरतो का. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, समजा एक माड आणि त्याच्या पाठचं देऊळ. ती रेष मोडली म्हणजे बोट सरकली. शेवटी साखळीवर तळहात ठेवायचा. रुतलेल्या नांगराची साखळी गप्प असते, घसरणाऱ्याची बारीक थरथरते. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, “लंगर पर शक करो. आधा घंटा शक करो, फिर चाय पियो.”

उंच कड्याखाली नांगर टाकायचा तर संशय दुप्पट हवा. वरून वर्षानुवर्षं पडलेले धोंडे तिथे पाण्यात साचलेले असतात. धोंड्यात नांगर रुतत नाही, नुसता अडकतो, आणि अडकलेला नांगर वरून अगदी रुतल्यासारखाच वाटतो. पुढे तळ एकदम खोल जातो. म्हणून आधी दोरीला शिशाचा गोळा बांधून, गोळ्याच्या बुडाला साबण फासून तो तळाला टेकवायचा. साबणाला वाळू चिकटून आली तर ठीक, कोरा आला तर खाली दगड. हे सगळं मी ओखल्याच्या व्हरांड्यात फळ्यावर आकृत्या काढून शिकवत असे. वाऱ्याबद्दल मात्र एकच ओळ लिहायचो: कड्याच्या आडोशाला वारा कमी.

आता कबूल करतो. कड्याखाली मी स्वतः तोवर एकदाही नांगर टाकलेला नव्हता. नौदलाची जहाजं कड्यापासून मैलभर लांब थांबतात. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राकाठी, त्यामुळे समुद्र आमच्या रक्तातच आहे असं मी क्लबात सांगत असे. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं, हे सांगत नसे.

क्लबात माझा मदतनीस होता हवालदार शेलार. पाटणकडच्या एका खेड्यातला, लष्करातल्या इंजिनीअर पलटणीतून निवृत्त झालेला. बायको-मुलीसह दिल्ली कँटोन्मेंटला लागूनच खोली घेऊन राहिला होता, कारण त्याच्या तालुक्यातले बरेच जवान तेव्हा तिथे पोस्टिंगवर होते. बोटी धुणं, दोर विणणं, शिडं सांधणं ही त्याची कामं. हाताला पक्का, बोलायला अगदी कमी. दोराची गाठ मारली की वर दुसरी मारायचा. मी म्हणायचो, “शेलार, एक पुरते.” तो “व्हय साहेब” म्हणून दुसरी मारायचाच.

माझा त्याच्यावर पहिल्यापासून संशय होता. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कर्नल, आणि शेलारही लष्करातला. शेलार आल्यापासून मी किती वाजता येतो, दुपारी किती वेळ डोळे मिटतो, हे कर्नलसाहेबांना बरोबर कळू लागलं. नौदलवाल्याच्या मागे लष्करानं माणूस लावला, असा माझा हिशेब. खरं काय ते पुढे कळलं. कर्नलसाहेबांची मोलकरीण आमच्याच ब्लॉकच्या मागे राहत होती आणि बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसून माझ्या गप्पा ऐकायची. पण ते फार उशिरा कळलं.

आमचे सर्वांत उत्साही विद्यार्थी होते सेठी. नोएडात त्यांचा टीव्हीच्या पेट्या बनवायचा कारखाना होता आणि तेव्हा पेट्या धडाधड खपत होत्या. माणूस मनानं चांगला, पण बेफाम. यमुनेत दोन हिवाळे शिकून त्यांनी गोव्यात एका परत निघालेल्या परदेशी जोडप्याकडून चौतीस फुटी शिडाची बोट विकत घेतली. वर्षातून तीनचारदा सेठी, त्यांची पत्नी, मी आणि शेलार असे चौघं दिल्लीहून जायचो आणि आठवडाभर कोकणच्या किनाऱ्यानं बोट फिरवायचो. क्लबनं आम्हा दोघांना त्यासाठी रजेची सवलत दिली होती. सेठींनी मला सांगून ठेवलं होतं, “साळवीजी, यह सीज़न ठीक निकल गया तो आप मेरे परमानेंट कैप्टन.” ओखल्याच्या फेसातून सुटायची ती माझी एकुलती एक वाट होती.

तिसऱ्या सफरीत, जानेवारीत, आम्ही एका उंच कड्याखाली पोचलो. कडा पुरुषभर नव्हे, चांगला पाचसहा मजली, वर जांभा आणि खाली काळा दगड. बाहेर दुपारचा वायव्येचा वारा चढत होता आणि कड्याच्या पायथ्याशी पाणी एकदम गप्प. सेठीबाईंना कड्यामागच्या खिंडीपलीकडचं गाव आणि तिथलं देऊळ बघायचं होतं, जेवणही तिथे सांगितलेलं होतं. मी बोट आत घेतली. मागच्या टोकाला उभं राहून शिशाचा गोळा टाकला. साबणाला छान पांढरी वाळू चिकटून आली. मग पुढच्या टोकाशी जाऊन नांगर सोडला, साखळी दिली, इंजिनानं मागे ओढून बघितलं. नांगरानं घट्ट धरलं. साखळीवर हात ठेवला, ती गप्प. खुणा धरल्या. मी खूश होतो. फळ्यावरची आकृती जशीच्या तशी पाण्यात उतरली होती.

शेलार मान वर करून कड्याकडे बघत होता.

“साहेब, बोट जरा भायेर घेऊया का?”

“का?”

“हितं वारा वरनं पडंल. आमचं घर कड्याखालीच हाय. दुपारचा वारा पल्याडनं कडा चढून येतो आन् मग खाली पडतो, गोळाच्या गोळा. आमच्या गावात छपरावर दगड कड्याच्या अंगाला ठेवत्यात. समोरनं वारा आला तर छप्पर टिकतं, वरनं आला तर उडतं.”

आता हे लिहिताना कळतं की माझ्या आख्ख्या नोकरीत मला कुणी इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. त्या वेळी माझ्या मनात काय आलं? हा सेठींसमोर शहाणपण दाखवतोय. परत गेल्यावर कर्नलसाहेबांना सांगणार की साळवींना नीट जागा निवडता येत नाही.

“शेलार, हा समुद्र आहे, तुमचं छप्पर नाही,” मी म्हटलं.

सेठींनी विचारलं, “क्या कह रहे हैं हवालदारजी?”

“कुछ नहीं जी. चट्टान के नीचे पहली बार आए हैं, घबरा गए हैं.”

सेठी हसले. शेलारला हिंदी येत होती. वीस वर्षं फौजेत काढलेली. तो दोर गुंडाळत राहिला.

बोटीवर एक माणूस पहाऱ्याला ठेवायचा असतो. मी त्याला ठेवलं. जाताना बजावलं, “साखळीला हात लावायचा नाही. काही वाटलं तर शिट्टी मारा, मी येतो.” आणि आम्ही तिघं छोट्या होडीतून किनाऱ्याला लागलो.

गाव खिंडीच्या पलीकडे, उतारावर होतं. तिथून बोट दिसत नव्हती. माडांच्या झावळ्या जोरात हलत होत्या, तेवढं मी बघितलं. जेवताना सेठीबाई म्हणाल्या, “कोई सीटी बजा रहा है.” मी कान दिला. लांबून बारीक आवाज येत होता, थांबून थांबून. कड्यावर समुद्री गरुड असतात, त्यांचा आवाज साधारण तसाच. मी म्हटलं, “चील है, मैडम.” आणि सोलकढी वाढून घेतली.

चार-साडेचारला खिंड ओलांडून परत आलो तर बोट जागेवर नव्हती. पार बाहेर, कड्यापासून दोनशे हातांवर उभी होती. तिच्या मागे पाण्यातून डोकं वर काढणारा एक खडक होता, आणि बोट आणि खडक यांच्यामध्ये जेमतेम आणखी दोन बोटी मावल्या असत्या. वारा एव्हाना पडला होता. सगळं शांत होतं. शेलार डेकवर उकिडवा बसला होता, दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली.

“काय केलंत?” वर चढायच्या आधीच मी ओरडलो.

“नांगर सुटला साहेब. वारा वरनं पडला. बोट गरागरा फिरली, मग दुसऱ्यांदा पडला आन् हिसका बसला. शिट्टी मारली. लई मारली. तुमी आला न्हाई. बोट खडकावर चालली व्हती. मग सगळी साखळी सोडली आन् धाकटा नांगर बी टाकला.”

“मी सांगितलं होतं हात लावायचा नाही.”

“व्हय.”

मी विचार केला. आडोशाला वारा नाही. नांगर मी स्वतः तपासून दिलेला. मग बोट सरकते कशी? माणूस जेवून लवंडला असणार, बोट हळूहळू सरकली असणार, खडक जवळ आल्यावर जाग आली असणार आणि मग घाबरून हाताला येईल ते पाण्यात सोडलं असणार. तर्क चोख होता. प्रत्येक माणसाबद्दल, दोराबद्दल, नकाशाबद्दल मी शंका घेतली होती. उरलो होतो फक्त मी.

“झोपला होतात?”

शेलार “न्हाई,” म्हणाला. त्यानं शपथ घेतली नाही की हात दाखवले नाहीत. हात कसे आहेत हे मीही विचारलं नाही. धाकट्या नांगराच्या दोरानं ते सोलून निघाले होते, हे सेठीबाईंनी मलम लावताना दिसलं.

संध्याकाळी मी लॉगबुक लिहिलं. लॉगबुक म्हणजे बोटीची रोजनिशी, त्यात लिहिलेलं विमा कंपनीपासून कोर्टापर्यंत सगळे खरं धरतात. ते इंग्रजीत असतं, मराठीत सांगायचं तर ओळ अशी होती: दुपारी पहाऱ्यावरील माणसास झोप लागल्याने बोट जागेवरून सरकली, हानी नाही. खाली माझी सही. सेठी वाचून एवढंच म्हणाले, “कैप्टन साहब, आप न होते तो बोट गई थी.” मी तेव्हा तिथे नव्हतोच, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना नांगर वर घेतला. सेठी इंजिनापाशी होते, मी पुढे वाकून साखळी ओढत होतो. नांगर पाण्याबाहेर आला आणि माझे हात थांबले. एक काटा वाकलेला. काट्याच्या बेचक्यात जांभ्या दगडाचा मुठीएवढा लाल कपचा घट्ट बसलेला. साखळीच्या पहिल्या वावभर, म्हणजे सहाएक फूट, कड्या घासून पांढऱ्या पडलेल्या आणि खाचांत लाल भुकटी. अशी साखळी नुसती वाळूत पडून होत नाही. ती धोंड्याभोवती गुंडाळली जावी लागते. म्हणजे बोट खरोखर गरागरा फिरली होती. म्हणजे वारा खरोखर वरून पडला होता. आणि नांगर मुळात वाळूत रुतलेला नव्हताच, धोंड्यात अडकला होता. मी गोळा टाकला तो बोटीच्या मागच्या टोकाकडून, एकदाच. नांगर सोडला तो पुढच्या टोकाकडून, चौतीस फूट कड्याच्या बाजूला. तिथला तळ मी बघितलाच नव्हता. पोरांना फळ्यावर शिकवताना मी म्हणत असे, गोळा तीन ठिकाणी टाका.

मी तो कपचा उपटून पाण्यात टाकला. मागे न बघता म्हटलं, “बादली.” भरलेली बादली हातात आली. मी साखळी धुतली, नांगर धुतला, पुन्हा एक बादली मागितली, तीही आली. मग सगळं पेटीत बंद केलं. लॉगबुक तिथेच दहा पावलांवर होतं.

तेव्हा का नाही बदललं? परमानेंट कॅप्टन व्हायचं होतं, हे एक. आणि मला वाटलं, एवढ्याशा ओळीनं काय होतंय? नौदलात पहाऱ्यावर डुलकी लागलेल्या पोराला आम्ही चार दिवस डेक घासायला लावायचो आणि विसरून जायचो. फौजेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो याचा मी विचारच केला नाही.

कर्नलसाहेबांनी केला. शेलार क्लबचा नोकर, म्हणून लॉगची नक्कल त्यांच्या टेबलावर गेली. त्यांनी मला बोलावलं. “साळवी, आदमी पहरे पर सो गया?”

ही शेवटची संधी होती आणि मला ती कळलीही होती. मी म्हटलं, “सर, लॉग में जो है, वही है.”

त्याच आठवड्यात शेलारला काढलं. जाताना त्यानं कर्नलसाहेबांना सॅल्यूट केला, मला नमस्कार केला आणि शिडं सांधायच्या सुया मोजून माझ्या ताब्यात दिल्या. मला वाटलं, सुटलो.

मी सेठींचा कॅप्टन झालो. चार हिवाळे ती बोट चालवली. कड्याखाली एकदाही नेली नाही. सेठी आग्रह करायचे आणि मी काहीतरी कारण काढायचो.

मग पहाडगंजच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाला सुनंदाबरोबर गेलो होतो, तिथे शेलार भेटला. त्याच्या मुलीला पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं. तो नोएडातल्या कुठल्याशा कारखान्याच्या गेटवर नोकरीला होता. गर्दीतून तो सरळ माझ्याकडेच येताना दिसला तेव्हा मनात पहिली शंका आली की आता हा काहीतरी मागणार. सुनंदाला मी चहा आणायला पाठवलं.

“बरं हाय ना साहेब?”

“बरं आहे. शेलार, मी बोलणारच होतो तुमच्याशी. त्या दिवशी कदाचित वाऱ्यामुळेसुद्धा…”

“मला ठावं हाय,” तो म्हणाला. “बादली मीच दिली की.”

मी विचारलं, मग तेव्हाच सेठींना का नाही सांगितलंत? तो म्हणाला, “बोटीवर दोन कॅप्टन झालं की बोट बुडती. घरला जाऊन तुमी लिवाल, असं वाटलं मला.”

मी घाईघाईनं म्हटलं, कर्नलसाहेबांशी बोलतो, जागा पुन्हा मिळवून देतो. तो म्हणाला, “नोकरी हाय मला. ती ओळ तेवढी खोडा. कँटोन्मेंटमंदी आमच्या तालुक्याची पोरं गणपती बसवत्यात. धा दिवस मूर्तीपाशी पहारा असतो. पयल्या वर्षापासनं त्याची पाळी मी लावायचो. क्लबातनं का काढलं ते तिथं पोचलं, आता मला पाळी देत न्हाईत. कोण काय बोलत न्हाई, नुसतं नाव लिवत न्हाईत. पोरगीनं इचारलं, बाबा, तुमचं नाव का न्हाई?”

सुनंदा चहा घेऊन आली तोवर तो निघून गेला होता.

मी ओळ खोडायला निघालो. सेठींकडे गेलो तर नोएडातला कारखाना बंद व्हायच्या मार्गावर होता. परदेशी कंपन्यांचे टीव्ही आले होते, त्यांना याच्या पेट्या नको होत्या. बोट पंधरवड्यापूर्वीच विकली होती, मला सांगायचं राहून गेलं होतं. लॉगबुक बोटीबरोबर गेलं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “छोड़िए साळवीजी, पुरानी बात है.” त्यांच्यासाठी होती. कर्नलसाहेब मुलाकडे परदेशी गेले होते, तिकडे पाठवलेलं पत्र परत आलं. उरलं कँटोन्मेंट. गणपतीत एका संध्याकाळी तिथेही गेलो. आतून आरती ऐकू येत होती. गेटवरच्या जवानानं विचारलं, “किससे मिलना है?” मला नाव सांगता आलं नाही. पन्नासेक जवानांसमोर उभं राहून ‘झोपला तो नव्हता, चुकलो मी’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, गलती से आ गया, आणि बस पकडून घरी आलो. याची मला आजही लाज वाटते, त्या लॉगपेक्षा जास्त.

त्या जवानांची पलटण पुढे बदलून गेली. शेलार मुलीचं शिक्षण झाल्यावर गावी परतला, आता तिथेच कड्याखालच्या घरात असतो. मंडळाच्या यादीतून त्याचा पत्ता मिळाला. संपादकांकडे मी या अंकाच्या जादा प्रती मागितल्या आहेत. एक शेलारकडे जाईल, एक त्याच्या मुलीकडे आणि बाकीच्या त्याच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चुकलेली ओळ तशीच ठेवून खाली नवी नोंद करायची आणि सही करायची, असा नियम आहे. ती बोट कुठे आहे मला माहीत नाही, म्हणून नोंद इथे करतो.

दुरुस्ती. जानेवारी, दुपार. उंच कड्याखाली नांगर मी टाकला. तळ एकाच जागी तपासला, तोही चुकीच्या. नांगर धोंड्यात पडला. कड्यावरून वारा पडेल असा इशारा वेळेवर मिळाला होता, तो मी मानला नाही. शिट्टी ऐकली, तीही मानली नाही. नांगर सुटल्यावर पहाऱ्यावरील माणसानं हुकूम मोडून साखळी सोडली व दुसरा नांगर टाकला, त्यामुळे बोट वाचली. पहाऱ्यावर हवालदार शेलार. पूर्ण वेळ जागा.

सही, साळवी.